वर्गणीचे घर

दोहा, १७ सप्टेंबर २०२१

चि. अंतरा,

बाबांचे आशीर्वाद. आईचे खाली वेगळे येतील, कारण माझ्या हातून ते फार आटोपशीर होतात अशी तिची तक्रार आहे.

काल फोनवर तू जे सांगितलेस ते मी ऐकले. समजले असे म्हणणार नाही. आपल्या घराचा नियम तुला ठाऊक आहे. ज्या गोष्टीत पैसा आणि मन दोन्ही गुंतलेले असतात, ती गोष्ट फोनवर ठरत नाही. फोनवर माणूस एकतर रडतो किंवा घाईने हो म्हणून मोकळा होतो. म्हणून ईमेलने का होईना, पत्र लिहितो आहे. तूही लिही, आणि मराठीत लिही. शाळेत तू इंग्रजीतच उत्तरे देत होतीस तेव्हा शुक्रवारच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुला बाराखडी गिरवायला लावली, ती अशाच प्रसंगांसाठी.

मला कळले ते असे: तुझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठात मुलींची मंडळे असतात, त्यांना सोरॉरिटी म्हणतात. प्रत्येक मंडळाचे स्वतःचे घर असते. मुलींनी आठवडाभर घरोघर जाऊन भेटायचे, मग घराने मुली निवडायच्या. आणि अशा एका घराने तुझी निवड केली आहे. निवड त्यांनी केली, वर्गणी मात्र आपण भरायची, दर सहामाहीला. तेवढ्या रकमेत तू दोह्याला येऊन परत जाऊ शकतेस.

मराठीत याला भगिनीमंडळ म्हणावे लागेल. नाशिकला आमच्या कॉलनीत एक भगिनीमंडळ होते. तेथे शेवया आणि कुरडया होत असत, आणि मार्चअखेर जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लागत असे. तुमचे मंडळ काय करते, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: वर्गणी थांबली, तर बहीण राहते की तीही थांबते?

तुझे शिक्षण, जेवण, खोली, औषधपाणी ही माझी जबाबदारी आहे, आणि ती मी कधी उपकार म्हणून तुझ्यासमोर मांडलेली नाही. परंतु मैत्री हीसुद्धा खर्चाची बाब असते, हे मी बी.कॉम.ला कोठे शिकलो नाही.

आज दिवसभर लुसैलला होतो. आमची कंपनी ज्या मनोऱ्यात छते आणि दारे बसवते आहे, त्याच्या वरच्या मजल्यांवरून सध्या समुद्र वेगळा दिसत नाही. पाणी आणि आकाश यांच्या जागी दमट, पांढरा उजेड असतो. खाली ट्रामची चाचणी चालू आहे. दिवे लावलेली रिकामी गाडी स्टेशनात येते, दारे उघडतात, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, दारे मिटतात आणि गाडी निघून जाते. मी बराच वेळ पाहत उभा होतो. आमचा ड्रायव्हर शहाजी म्हणाला, “साहेब, आत बसल्यात माणसं. आपल्याला दिसत न्हाईत, एवढंच.” विश्वचषकाला अजून वर्षाहून अधिक अवधी आहे. तोवर हे शहर आम्हा काम करणाऱ्यांचे आणि त्या न दिसणाऱ्या प्रवाशांचे.

उत्तराची वाट पाहतो.

तुझे बाबा

अंतू, खूप खूप आशीर्वाद आणि एक पापा. तुझ्या बाबांना माझी भिशी इतक्या वर्षांत कळली नाही, त्यांना तुझं हे काय कळणार! मला एवढंच सांग, तुझा नंबर कितवा लागलाय? म्हणजे भरलेले पैसे तुझ्या हातात कधी यायचे? लवकरचा माग. लाजू नकोस. — आई


जॉर्जिया, २० सप्टेंबर २०२१

प्रिय बाबा आणि आई,

नमस्कार बाबांना, मिठी आईला. भांडू नका.

आधी आईचं. आई, ही भिशी नाही गं. नंबर वगैरे काही नसतो आणि भरलेले पैसे कोणालाच परत मिळत नाहीत. हे तुला सांगितलं नसतं तर तू आजच बाबांना पटवलं असतंस, हे मला माहीत आहे. तरी सांगितलं. याचे मार्क द्या.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न. मंडळ काय करतं? शेवया नाही करत. एका हॉस्पिटलसाठी पैसे जमवतात, वर्षातून दोन मोठे कार्यक्रम करतात, बाकी नुसत्या एकत्र असतात. पहिल्या वर्षी मी माझ्या होस्टेलवरच राहीन, पण जेवायला आणि अभ्यासाला त्या घरी जायचं. दुसऱ्या वर्षापासून तिथेच राहायचं. कोणाची परीक्षा कधी आहे, कोणाला कशाने सर्दी होते, हे त्यांना एकमेकींचं पाठ असतं.

घर कसं आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. निवडीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. बाहेर उंच पांढरे खांब, मोठ्या झाडांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबत होत्या, आणि हवा दोह्यासारखीच ओली. आत जिना होता. प्रत्येक पायरीवर मुली उभ्या होत्या, पांढऱ्या कपड्यांत, हातात काचेतले छोटे दिवे घेऊन, आणि अगदी हळू आवाजात गात होत्या. मला गाण्याचे शब्द कळले नाहीत. पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. मग एक मुलगी खाली आली, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “अंतरा.” बाबा, नीट म्हणाली. “अँट्रा” नाही. नंतर कळलं की ती दोन दिवस आरशासमोर ते घोकत होती.

दुसरा प्रश्न. वर्गणी थांबली तर घरात जाता येत नाही. पण बहीण आयुष्यभर राहते, असं त्या म्हणतात. मी तपासलेलं नाही.

आणि आता माझा प्रश्न. इथे पहिल्या दिवसापासून सगळे विचारतात, तू कुठली? मी म्हणते दोहा. मग, “म्हणजे तू तिथली?” नाही, तिथली नाही. “मग भारतातली?” तिथे मी उन्हाळ्यात जाते. इतकं बोलून होईपर्यंत समोरचा दुसरीकडे बघायला लागलेला असतो. त्या घरात हा प्रश्न एकदा विचारला की पुन्हा विचारत नाहीत, कारण त्यानंतर तुम्ही त्या घरच्या असता. तुम्ही म्हणता, पैसे देऊन मिळालेलं घर खरं कसं? बाबा, आपण कतारमध्ये वर्गणीवरच तर राहतो. निवास परवान्याचं नूतनीकरण झालं की पुढचं वर्षभर आपण तिथले. नाही झालं की नाही. त्या घराला तुम्ही कधी खोटं म्हणाला नाहीत.

तीन आठवड्यांत कळवायचं आहे.

तुमची अंतरा


दोहा, १ ऑक्टोबर २०२१

चि. अंतरा,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष आहे आणि युक्तिवादही चांगला बांधला आहेस. तो मला पटलेला नाही, ही बाब वेगळी.

परवान्याचे पैसे कंपनी भरते. मी काम करतो म्हणून भरते. माझे नाव कोणी नीट उच्चारावे म्हणून कोणीही पैसे दिलेले नाहीत. कार्यालयात मला इतकी वर्षे अर्ध्याच नावाने ‘मिस्टर शाम’ म्हणतात. माझे त्यावाचून काही अडले नाही.

तुझे पत्र मी आईला वाचून दाखवले. त्यानंतर झाले ते असे.

“पैसे परत येत नाहीत?”

“नाही.”

“आणि तरी मुली भरतात?”

“तेच तर मी विचारतो आहे.”

“तुम्ही विचारता ते वेगळं. मी म्हणते, परत येत नसून भरतात, म्हणजे काहीतरी मिळत असणारच ना?”

“काय मिळते ते दाखवता आले पाहिजे.”

“सगळं दाखवता येतं का? मला भिशीत काय मिळतं ते दाखवू?”

“तुला बाराव्या महिन्याच्या आत पूर्ण रक्कम मिळते.”

यावर ती उठून आत गेली. आमटीला फोडणी देण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

त्यानंतर मला एक स्वप्न पडले. स्वप्नाला पुरावा नसतो, तरी तुला सांगतो. लुसैलची ती रिकामी ट्राम होती, आणि ती समुद्रावरून चालली होती. रूळ पाण्याच्या जरा खाली असावेत. आत पांढऱ्या कपड्यांतल्या मुली उभ्या होत्या. तू त्यांच्यात असणार म्हणून मी एकेक चेहरा पाहत पुढे गेलो. चेहरे सगळे प्रसन्न होते. डबे संपत नव्हते, आणि कोणी मला तिकीटही विचारले नाही. जागा झालो तेव्हा उजाडले होते आणि खिडकीबाहेर एवढी धूळ होती की समोरची इमारत दिसत नव्हती. याचा अर्थ लावण्याच्या फंदात मी पडलो नाही.

माझा निर्णय असा आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तू घरी यावेस म्हणून तिकिटाची रक्कम मी बाजूला ठेवली आहे. ती तुझी आहे. तिचे तिकीट काढ, किंवा तिच्यातून त्या घराची पहिली सहामाही भर. दोन्ही होणार नाही. पुढच्या सहामाहीचे जानेवारीत पाहू. तू ऑगस्टमध्ये कतार सोडलेस. सलग सहा महिने बाहेर राहिल्यास तुझा निवास परवाना जाईल. हे तुला सांगायला नको, परंतु सांगितलेले बरे. निवड तुझी. मी त्यावर एक शब्दही बोलणार नाही.

बाबा


जॉर्जिया, ९ ऑक्टोबर २०२१

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला वाटलं होतं तुम्ही सरळ नाही म्हणाल. तुम्ही निवड दिलीत. म्हणजे तुम्ही मला जाऊ देताय, हो ना? तुमच्यासारख्या माणसाने हे किती विचार करून लिहिलं असेल ते मला कळतं. थँक यू.

मी घर निवडलं.

परवाना जाईल, माहीत आहे. आमच्या शाळेतल्या सगळ्यांचा कधी ना कधी जातोच. मुलगा कॉलेजला गेला की एक दिवस कार्ड नुसतं प्लास्टिक होतं. मी व्हिसा काढून येईन, पाहुणीसारखी. आईला सांगा, पाहुणीला श्रीखंड लागतं. माझी खोली कुठे पळून जाणार आहे!

काल संध्याकाळी आम्ही सगळ्या त्या व्हरांड्यात बसलो होतो. पाऊस नव्हता, पण झाडांतून थेंब पडत होते, कुठून ते कळत नव्हतं. कोणीतरी गिटार वाजवत होतं. मला वाटलं, मी हे सगळं लहानपणी कधीतरी पाहिलंय, दुपारी झोपले असताना. खूप छान चाललंय माझं. काळजी करू नका.

अंतरा


दोहा, १४ जानेवारी २०२२

चि. अंतरा,

संक्रांतीचा तिळगूळ. तू सध्या फोनवर कमी बोलतेस, म्हणून पत्र. तू व्यस्त आहेस हे समजते.

डिसेंबर शांत गेला. येथे आता हवा उत्तम आहे. सकाळी समुद्रावर हलके धुके असते आणि त्यातून मनोऱ्यांचे फक्त माथे दिसतात, जणू खालचे मजले अजून बांधायचे आहेत. लुसैलची ट्राम या महिन्यात प्रवाशांसाठी सुरू झाली. आई आणि मी मुद्दाम जाऊन बसलो. डब्यात आमच्याखेरीज एक फिलिपिनो जोडपे होते. त्यांनी आमचा फोटो काढला, आम्ही त्यांचा काढला. आई खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनावर पाहत राहिली. मी विचारले, काय पाहतेस? म्हणाली, “कोण चढतंय ते.” कोणी चढले नाही.

माझे काम व्यवस्थित चालू आहे. मनोरा मालकाच्या ताब्यात देण्याचा टप्पा आला आहे, त्यामुळे रोज मजल्यामागून मजले तपासायचे असतात. तुझी खोली जशीच्या तशी आहे. आई दर गुरुवारी तेथले पडदे उघडते आणि शनिवारी पुन्हा बंद करते.

पुढच्या सहामाहीचा तुझा विचार लिहून कळव.

बाबा

अंतू, तिळगूळ घे, गोड बोल. आज भिशीची पहिली बैठक आपल्याकडेच होती. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, जन्नतने एकटीने चार खाल्ल्या. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच मी सांगून टाकलं, यंदा शेवटचा नंबर मी घेते. मृणालिनीने चहा ओतून झाल्यावर पुन्हा चहा विचारला. तू जेवतेस ना नीट? — आई


जॉर्जिया, १६ जानेवारी २०२२

बाबा,

कधी?

मी त्या भिशीच्या टेबलाखाली वाढले. बायका वर बोलायच्या आणि मी खाली त्यांच्या चपला जोड्या लावून ठेवायची. नंबरांचं काय असतं ते मला त्या वयात कळलं होतं. चिठ्ठ्या सगळ्यांच्या टाकतात, पण जिच्या नवऱ्याचं काम संपत आलं असेल, जिला कतार सोडून जावं लागेल, ती स्वतःहून शेवटचा नंबर मागून घेते. म्हणजे आधी पैसे उचलून गेली असं कोणी म्हणायला नको. तोंडाने कोणी काही बोलत नाही. नंबर मागितला की सगळ्यांना कळतं. जुलेखा मावशी, पाटणकर काकू, सगळ्या अशाच गेल्या. शेवटचा नंबर, मग महिनाभराने आमच्याकडे त्यांची मिक्सरची भांडी आणि कुंड्या.

तुम्ही लिहिलंत, काम व्यवस्थित चालू आहे.

आणि मी लिहिलं होतं, माझी खोली कुठे पळून जाणार आहे. ते वाचून तुम्हाला काय वाटलं असेल? तुम्हाला ऑक्टोबरमध्येच माहीत होतं का? ती डिसेंबरची सुट्टी त्या घरातली शेवटची होती का? मग तुम्ही मला निवड का दिलीत? ये म्हणायचं होतं. फक्त ये म्हणायचं.

आता मीही खरं सांगते. खूप छान चाललं नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन फिरत राहायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मी कोणालातरी शोधतेय. मग ट्रे ठेवून द्यायची आणि खोलीत जाऊन बिस्किटं खायची. त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी शेजारची खुर्ची ओढून माझ्यासाठी धरली. त्या खुर्चीसाठी मी परवाना घालवला. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. आता वाटतंय.

या महिनाअखेर दुसरी सहामाही भरायची आहे. तुम्ही भरू नका. येत्या रविवारी त्यांची बैठक आहे, तेव्हा मी सांगून टाकते की मी सोडतेय. एवढं तरी करू द्या.

अंतरा


दोहा, १७ जानेवारी २०२२

चि. अंतरा,

रविवारी कोणालाही काहीही सांगू नकोस. सविस्तर पत्र येते आहे.

आईचा मजकूर मी न वाचता पाठवला. चूक माझी आहे. तिची नाही.

बाबा


दोहा, २१ जानेवारी २०२२

चि. अंतरा,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, कारण हे पत्र मी दोनदा लिहून रद्द केले.

मेअखेर. मनोरा ताब्यात दिला की कंपनीचे येथले काम संपते, आणि माझे पदही. वाईट वागणूक मिळालेली नाही. ज्या उत्सवासाठी हे सारे बांधले, तो सुरू होण्यापूर्वी बांधणाऱ्यांनी निघायचे असते. व्यवहार म्हणून ते योग्य आहे. नाशिकचा फ्लॅट भाडेकरूंकडून मोकळा करून घेतो आहे. ऑक्टोबरमध्ये मला अंदाज होता, खात्री नव्हती. खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही.

निवड का दिली, हे विचारलेस. मला वाटले होते की तू तिकीट घेशील. त्यात मला शंकाच नव्हती, म्हणून मी इतक्या उदारपणे लिहू शकलो. तुझे उत्तर आले तेव्हा मी ते आईला वाचून दाखवले नाही, नुसते सांगितले. मला वाटले, मुलीने दोन घरे समोर ठेवून तोलली आणि आपले हलके भरले. ट्रे घेऊन फिरणारी मुलगी त्या पत्रात मला दिसली नाही. तू मला तेवढी ओळ लिहायला हवी होतीस, आणि मी ‘ये’ एवढा एक शब्द लिहायला हवा होता. दोघांनीही मराठी पुष्कळ वापरली.

आता जे घडले ते सांगतो. तू मंडळ सोडण्याचे लिहिलेस म्हणून ते मुद्दाम सांगणे भाग आहे.

काल संध्याकाळी भिशीच्या बायका घरी आल्या. बैठकीचा दिवस नव्हता. मी आत जाऊ लागलो तर मृणालिनीबाई म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही बसा. हिशेबाचा विषय आहे.” त्यांनी सरळ सांगितले की चिठ्ठ्या पुन्हा टाकलेल्या आहेत आणि फेब्रुवारीचा नंबर आईचा आहे.

आई म्हणाली, “अगं, असं कसं? आम्ही मेमध्ये चाललोय.”

“माहितेय. म्हणूनच.”

“आणि पुढचे सगळे हप्ते?”

“नाशिकहून पाठव.”

“आणि नाही पाठवले तर? मी पैसे घेऊन पळून गेले तर?”

यावर रत्नागिरीच्या जन्नतभाभी म्हणाल्या, “पळ की! पळून जाशील कुठं, नाशकातच ना? माझी नणंद हाय तिथं, द्वारका चौकात. तिला धाडीन दारात बसायला. आणि ती बसली ना, तर हप्त्यापेक्षा तिच्या चहाचा खर्च जास्त होईल तुला.”

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला.

“पण चिठ्ठ्या टाकल्या कधी?” मी विचारले.

“टाकल्या हो.”

“कोणासमोर?”

“भाऊजी,” मृणालिनीबाई म्हणाल्या, “सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. खलास. यल्ला, ऊठ शशी, चहा टाक.”

मी तीस वर्षे हिशेब तपासतो आहे. देश सोडून जाणाऱ्या माणसाला, कोणतेही तारण न घेता, त्याच्या जाण्याच्या तोंडावर पूर्ण रक्कम उचलून द्यायची, हे कोणत्याही बँकेत बसत नाही. मी ते त्यांना सांगितलेही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, बँकेत नाहीच बसत. आणि मग त्या लोणच्याच्या कैऱ्या कोठे स्वस्त मिळतात यावर बोलू लागल्या.

मी तुला विचारले होते की वर्गणी थांबली तर बहीण राहते का. उत्तर जॉर्जियाहून यावे अशी माझी अपेक्षा होती. ते आपल्या बैठकीच्या खोलीत आले, आणि ते यायला आईची कित्येक वर्षांची भिशी खर्ची पडली. मी त्या सर्व काळात फक्त रक्कम केव्हा मिळते एवढेच पाहिले.

तुझे मंडळ आईच्या भिशीसारखे निघेल, असे मी म्हणत नाही. पांढरे कपडे आणि दिवे पाहून मी मत बनवत नाही. कदाचित तेथे वर्गणीच तेवढी खरी असेल. पण ते तपासायला वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे आईबापांनी भरावेत, असे माझे आता मत झाले आहे. दुसरी सहामाही मी आज भरली. पुढच्या वर्षीही भरेन. त्यानंतर तू कमावू लागशील, तेव्हाचे तू पाहा. भिशीच्या रकमेतून आई नाशिकच्या फ्लॅटला रंग देणार आहे. तिला हात लावलेला नाही.

एक गोष्ट राहिली. हे घर कंपनीचे आहे. किल्ल्या परत दिल्यावर भिंतींना पुन्हा पांढरा रंग लागेल आणि तुझ्या खोलीत दुसरे कोणी झोपेल. त्यामुळे तुला बसायला एक खुर्ची कोठेतरी असावी, असे मला वाटते. ती उचलून ठेवण्याची घाई करू नकोस.

रविवारी बैठकीला जा.

बाबा


जॉर्जिया, २० नोव्हेंबर २०२२

प्रिय बाबा आणि आई,

नाशिकला थंडी पडली का? उन्हाळ्यात लायब्ररीतली नोकरी सोडून यायला हवं होतं, असं आता वाटतंय. डिसेंबरचं तिकीट मी काल काढलं. माझ्या पगारातून. बाबा, पावती जोडली आहे, पण तुम्ही ती बघायची नाही.

आज इथल्या सकाळी विश्वचषक सुरू झाला. आम्ही सगळ्या झोपेच्या कपड्यांतच खाली हॉलमध्ये येऊन बसलो, मांडीवर पांघरुणं घेऊन. पडद्यावर दोहा आलं. इतकं चकाकणारं दोहा मी कधी पाहिलं नव्हतं. समुद्र काळा होता आणि मनोरे पाण्यात उलटे लोंबत होते. मग वरून लुसैल दाखवलं, आणि त्या रस्त्यांवर इतकी माणसं होती की रस्ते दिसत नव्हते. कुठून आली असतील? मला क्षणभर वाटलं, ती आधीपासूनच तिथे होती, आणि आता कोणीतरी दिवा लावलाय.

“अंतरा, तुझं घर!” सगळ्या ओरडल्या. मी म्हटलं, हो. मग म्हटलं, होतं. दोघी उठून माझ्या दोन बाजूंना येऊन बसल्या. बाकीच्या मॅच बघत राहिल्या.

तुम्ही तपासायला सांगितलं होतं, म्हणून कळवते. सगळ्या बहिणी नाहीत. खरं तर बऱ्याचजणी शेजारणी आहेत, आणि तिघी-चौघी नुसत्या भाडेकरू. पण त्या दोघी आहेत. मे महिन्यात तुम्ही विमानात होतात त्या दिवशी मी काही बोलले नव्हते, तरी त्यांनी माझ्यासाठी वरणभात करायचा प्रयत्न केला होता. वरण निळसर झालं होतं. का ते कोणालाच कळलं नाही. आम्ही ते खाल्लं.

दुपारी घराची नवी यादी करायला घेतली. प्रत्येकीने आपलं नाव, विषय आणि कायमचा पत्ता लिहायचा. मी पेन हातात धरून बसून राहिले. शेजारची म्हणाली, “हाच टाक ना, इथला. तू तर इथलीच आहेस.” ती अगदी मनापासून म्हणाली. आणि बाबा, मला तो लिहिता आला असता. वर्षभरापूर्वी मी तो धावत लिहिला असता.

मी नाशिकचा लिहिला. ज्या फ्लॅटमध्ये मी अजून एक रात्रही झोपले नाही, त्याचा. बिल्डिंगचं नाव आईने फोनवर सांगितलेलं, रस्ता तुम्ही सांगितलेला. भिंतींचा रंग कोणता ते फोटोत बघितलंय.

फक्त पिनकोड येत नाही. कळवा. मी तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.

अंतरा